कॅप टेबलात नसलेली ताई

महिन्यातून एकदा मी सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या एखाद्या कॉलेजात जाते. सकाळच्या सत्रात आर्थिक साक्षरता, जेवणानंतरच्या सत्रात उद्योजकता. हॉल तोच, मुलं तीच, टेबलावरचा पुष्पगुच्छही तोच. सकाळी मी सांगते, की सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय कुठेही गुंतवणूक करू नका, सगळे पैसे एकाच ठिकाणी घालू नका, जो तोटा झेपणार नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. दुपारी माझ्याच शेजारच्या खुर्चीवरचे एखादे यशस्वी उद्योजक उठतात आणि सांगतात, नोकरीचा नाद सोडा, झोकून द्या, प्लॅन बी ठेवूच नका. मुलं दोन्हींना टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी मात्र मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, सकाळचं खरं धरायचं का दुपारचं?"

हॉलमध्ये हशा पिकला. वेळ संपली होती, आभारप्रदर्शन सुरू झालं. प्रश्न मात्र माझ्याबरोबर गाडीत बसून पुण्याला आला.

मला तो टाळता येण्यासारखा नव्हता, कारण मी दोन्ही बाजूंना आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि गेली आठ वर्षं तीसेक जणांच्या एका गटाबरोबर नवख्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालते. याला एंजल इन्व्हेस्टिंग म्हणतात. शब्द मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा. नाटक उभं करायला पैसे देणाऱ्या धनिकांना तिथे एंजल म्हणायचे. नाटक चाललं तर वाटा, पडलं तर राम राम. आपल्याकडच्या नाट्यनिर्मात्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

आजवर मी १४ कंपन्यांत पैसे घातले. चार बंद पडल्या. सहा 'चाललंय' म्हणण्यापुरत्या चालल्यात. तीन बऱ्या आहेत. आणि एक अशी आहे, की तिच्यातून बाहेर पडता आलं तर बाकीच्यांचा तोटा भरून निघून वर चार पैसे उरतील. या धंद्याचं गणित जगभर साधारण असंच आहे. अमेरिकेतल्या एंजल गटांचा रॉबर्ट विल्टबँक यांनी केलेला २००७चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. गुंतवणूकदार बाहेर पडले अशा व्यवहारांपैकी ५२ टक्क्यांत घातलेले पैसेही पूर्ण परत आले नव्हते. उलट फक्त ७ टक्के व्यवहारांत दहापटींहून जास्त मिळाले आणि एकूण परताव्यातला ७५ टक्के वाटा त्या मूठभर व्यवहारांचा होता. सरासरी काढली तर चित्र झकास दिसतं.

पण सरासरी कोणाची? माझी. माझे १४ डाव आहेत, गटातल्या काहींचे ४०. मी सकाळचं भाषण तंतोतंत पाळून दुपारचं काम करते. थोडे पैसे, अनेक जागा, झेपेल एवढाच तोटा. समोर पिच करणाऱ्या पोराचा डाव मात्र एकच असतो. मी त्याच्यात आहे म्हणजे माझ्या बचतीचा छोटासा तुकडा त्याच्यात आहे. तो त्याच्यात आहे म्हणजे त्याची बाविसाव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंतची सगळी वर्षं त्याच्यात आहेत. ती चौदा ठिकाणी वाटून ठेवता येत नाहीत. मी त्याला 'रिस्क घे' म्हणते तेव्हा आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटतं, पण माझ्यासाठी ती १४ आकड्यांपैकी एक असते आणि त्याच्यासाठी ते त्याचं आयुष्य असतं.

ही विषमता आजची नाही. १७३८ साली डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञाचा एक लॅटिन निबंध सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने प्रसिद्ध केला. त्यात एक उदाहरण आहे. एका अगदी गरीब माणसाच्या हाती लॉटरीचं तिकीट लागतं. निम्मी शक्यता २०,००० मोहरा मिळण्याची, निम्मी काहीच न मिळण्याची. हिशोबाने तिकिटाची किंमत १०,०००. कोणी ९,००० देऊ केले तर त्याने विकावं का? बर्नुली म्हणतो, विकलं तर त्यात काही वावगं नाही. आणि तेच तिकीट ९,०००ला मिळत असताना श्रीमंताने घेतलं नाही, तर मात्र तो श्रीमंत चुकतोय. कारण पैशाची किंमत तो कोणाच्या खिशात आहे त्यावर ठरते. गरिबाला पहिले ९,००० आयुष्य बदलणारे असतात. श्रीमंताला ९,००० गेले तरी संध्याकाळचं जेवण चुकत नाही.

एंजल गुंतवणुकीचं नैतिक समर्थन मला कुठे सापडत असेल तर ते या उदाहरणात. ज्याला धोका झेपत नाही त्याच्याकडून ज्याला झेपतो त्याने तो विकत घ्यावा. दोघांचंही भलं. आपल्याकडे धंद्याला पैसा आजवर बहुतेक कर्जाच्या वाटेने आला. पतसंस्था, सावकार, भिशी, पाहुण्यांकडून हातउसने. कर्ज म्हटलं की दोन जामीनदार आले, सातबारावर बोजा आला, आईच्या पाटल्या आल्या. धंदा बुडाला तरी कर्ज बुडत नाही, ते उंबरा ओलांडून घरात येतं. शेअरच्या बदल्यात दिलेला पैसा तसा घरात शिरत नाही. कंपनी बुडाली की माझे अडीच लाख बुडाले, मी त्या पोराच्या दारात जाऊन उभी राहू शकत नाही. सांगलीकडच्या मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. "परत नाही द्यायचे?" असं तीन-तीनदा विचारतात. आपल्या सरकारचाही बराच काळ विश्वास नव्हता म्हणा. २०१२पासून कंपनीने 'वाजवी' किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर विकले तर वरची रक्कम तिचं उत्पन्न समजून कर लावायची तरतूद होती. तिला सगळे एंजल टॅक्स म्हणत. ती काढून टाकल्याची घोषणा व्हायला जुलै २०२४ उजाडलं.

धोका पत्करणाऱ्या श्रीमंताचं मराठी मुलखातलं माझं आवडतं उदाहरण औंधच्या राजांचं. बेळगावातून बस्तान हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळचं माळरान दिलं, वर कर्ज दिलं. निवडुंग आणि साप यांशिवाय तिथे फारसं काही नव्हतं. त्या माळावर किर्लोस्करवाडी झाली. ते कर्ज होतं, शेअर नव्हेत, हे खरं. पण संस्थानिकाने माळरानावर लावलेला डाव आणि कारखानदाराने आपल्या उमेदीवर लावलेला डाव यांची वाटणी तिथे बर्नुलीच्या उदाहरणाच्या बरीच जवळ जाते. ज्याच्याकडे जमीन होती त्याने जमीन घातली, ज्याच्याकडे अक्कल होती त्याने अक्कल.

आता त्याच माळापासून फार लांब नसलेल्या तासगावची गोष्ट.

तासगाव म्हणजे बेदाणा. द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. मधेच अवकाळी आला, हवेत दमटपणा वाढला, की माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. तिथल्या एका इंजिनीअर पोराने शेडमध्ये बसवायचे सेन्सर तयार केले होते. दमटपणा, तापमान, वारा बघून ते शेतकऱ्याच्या फोनवर सांगतात, पडदे कधी सोडायचे, पंखे कधी लावायचे. कल्पना सोपी, यंत्र स्वस्त, पोरगा हुशार. अडचण एकच. बेदाण्याचा हंगाम वर्षातून एकदा. मोबाइल ॲपवाला दर आठवड्याला चूक करून दर आठवड्याला सुधारतो. याची फेब्रुवारीतली चूक सुधारायला पुढचा फेब्रुवारी लागतो.

आमच्या गटासमोर त्याने चांगलं मांडलं. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "स्वतःचं काय घातलंय यात?" हा प्रश्न सगळे गुंतवणूकदार विचारतात. ज्याचं स्वतःचं पणाला लागलेलं नाही तो अर्ध्यात सोडून जाईल, असा त्यामागचा व्यवहार. तो म्हणाला, "सव्वादोन वर्षं झाली, एक रुपया पगार घेतला नाही." खोलीत कौतुकाची कुजबुज झाली.

मी विचारलं, "मग घर कसं चालतं?"

"ताई आहे ना. सांगलीत नर्स आहे. महिन्याला अकरा हजार पाठवते."

"मग ताईचा यात हिस्सा किती?"

त्याला खरंच समजलं नाही मी काय विचारतेय ते. समजल्यावर हसला. "ताईचं काय मॅडम, ताई घरचीच की."

कॅप टेबल म्हणजे कंपनीत कोणाकडे किती टक्के शेअर आहेत याचा तक्ता. त्याच्या तक्त्यात तो होता, त्याचा कॉलेजमधला मित्र होता, दोन टक्के देऊन ठेवलेले एक सल्लागार होते. आम्ही आलो असतो तर आम्ही असतो. मी घरी येऊन हिशोब केला. अकरा हजार गुणिले सव्वीस महिने म्हणजे २ लाख ८६ हजार. मी घालणार होते अडीच लाख, आणि त्याबदल्यात मला अर्ध्या टक्क्याच्या आसपास हिस्सा मिळणार होता. म्हणजे या कंपनीत ताईची गुंतवणूक माझ्यापेक्षा मोठी होती. शिवाय ती आधीची होती, कल्पना कागदावरही नव्हती तेव्हाची. माझे पैसे एकगठ्ठा, शिलकीतले. तिचे महिन्याच्या महिन्याला, रात्रपाळ्यांतले. तिचं लग्नही याच काळात लांबलं होतं, हे पुढे कळलं. ते कुठल्या रकान्यात मांडणार?

स्टार्टअपच्या गोष्टींत अशी माणसं असतात, पण ती प्रस्तावनेत असतात. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. दहा हजारांबद्दल सगळे बोलतात. पण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय, की नवऱ्याने कंपनी उभी करावी म्हणून घराची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. गोष्टीतला तो भाग मला दहा हजारांहून मोठा वाटतो. दहा हजार एकदा द्यायचे असतात, घर रोज चालवायचं असतं. तिथे शेवट चांगला झाला म्हणून गोष्ट सांगितली जाते. जिथे झाला नाही तिथल्या बायका, बहिणी, पेन्शनवरचे वडील यांची गोष्ट सांगायला कोणी बोलावत नाही.

आता खरी नैतिक अडचण. बर्नुलीचं उदाहरण आम्ही एंजल लोक मोठ्या अभिमानाने आपलंसं करतो, पण व्यवहारात आम्ही त्या गरीब माणसाचं तिकीट विकत घेत नाही. तिकिटाचा एक कोपरा घेतो. उरलेला धोका त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्याकडेही कुठला, तो त्याच्या घराकडे जातो. वर 'स्वतःचं काय घातलंय' असं विचारून आम्ही तो तिथे आहे ना याची खातरजमा करतो. सेबीने २०२५मध्ये नियम बदलले आणि एंजल फंडांनी फक्त 'अक्रेडिटेड' गुंतवणूकदारांकडून पैसे घ्यावेत असं ठरवलं. वर्षाला २ कोटींचं उत्पन्न किंवा साडेसात कोटींची मालमत्ता अशासारख्या कसोट्या त्यासाठी आहेत. हेतू चांगला आहे, ज्याला तोटा झेपत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. (आमचा गट फंड नाही, आम्ही एकेकटे थेट शेअर घेतो, म्हणून आम्हाला ते लागू होत नाही.) पण गंमत बघा, तोटा झेपतो का हे कोणाला विचारायचं, तर साडेसात कोटीवाल्याला. अकरा हजार पाठवणाऱ्या नर्सला कोणी विचारत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती गुंतवणूकदारच नाही.

कंपनीच्या नावापुढे 'लिमिटेड' लिहितात, ते का लिहितात हे मी सकाळच्या सत्रात आवर्जून शिकवते. इंग्लंडात १८५५ साली कायदा झाला आणि भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या शेअरच्या रकमेपुरती मर्यादित ठरवण्याची वाट सगळ्यांसाठी खुली झाली. त्यापुढे तुम्ही काही देणं लागत नाही. माणसाच्या इतिहासातला हा मोठा शोध आहे, चाकाच्या बरोबरीचा म्हणा हवं तर. अनोळखी माणसावर पैसे लावायची हिंमत त्यातून आली. माझा तोटा कुठे थांबणार हे मला चेक लिहितानाच माहीत असतं. ताईला ते कुठल्याच महिन्यात माहीत नव्हतं. कंपनी लिमिटेड आणि घर अनलिमिटेड, अशी ही रचना.

यावर मला दोन आक्षेप ऐकावे लागले आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला, आमच्याच गटातल्या एका मित्राचा. तो म्हणाला, "तू पोरांना घाबरवतेयस. आधीच आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरा' ऐकत मुलं मोठी होतात. तुझ्या या घरच्यांच्या हिशोबाने गरीब घरातलं एकही पोर धंद्यात उतरणार नाही. मैदान बापाचा पैसा असलेल्यांना मोकळं." हे खरं आहे. काळजीच्या सुरात दिलेला सल्ला पुष्कळदा माणसाला जागच्या जागी बसवायलाच वापरला जातो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' म्हणणाऱ्या समाजाने दोन पिढ्यांत ती उतरंड पार उलटी केली आणि पोराला 'चिकटवून' टाकणं हेच आईबापांचं कर्तव्य झालं. त्याची किंमत आपण मोजलीय. आणि बावीस वर्षांच्या माणसाला मत देता येतं, लग्न करता येतं, तर स्वतःची चार वर्षं कशावर लावायची हेही ठरवता आलं पाहिजे. त्याला झेपेल का हे परस्पर ठरवणारी मी कोण?

पण मी ते ठरवत नाहीये. ठरवायचं त्यानेच. फक्त ज्या गोष्टीची किंमत लपवलीय तिची निवड करायला लावणं, याला मला स्वातंत्र्य म्हणवत नाही. ज्याच्या बापाचे तीन फ्लॅट आहेत त्याला 'झोकून दे' म्हटलं तर तो गादीवर पडतो. तासगावच्या पोराला तेच वाक्य म्हटलं तर तो ताईच्या अंगावर पडतो. दोघांना सारखंच भाषण देणं वरवर समतेचं दिसतं. मैदान खरंच खुलं करायचं असेल तर गरीब घरातल्या पोराच्या घरचा धोका कोणीतरी विकत घ्यायला हवा, म्हणजे पहिल्या पैशातून त्याला पगार हवा. अनेक गुंतवणूकदारांना हे रुचत नाही. आमच्या पैशावर पगार कसला खातोस, भूक राहिली पाहिजे, असं म्हणतात. भूक कोणाची राहते ते मात्र बघत नाहीत.

दुसरा आक्षेप खुद्द त्या पोराच्या वडिलांचा. प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बहीण-भावात कागद कशाला आणता? तिनं मायेनं दिलंय." मला त्यांचा राग आला नाही. माया विकत घेता येत नाही आणि तिची पावतीही फाडू नये, हे मला पटतं. पण कागद कधी आणायचा आणि कधी नाही, हे आपल्याकडे कोण ठरवतं? वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. त्यानंतरही तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतात. तिथे कागद चालतो. स्टॅम्पपेपर येतो, दोन साक्षीदार येतात, भाऊ साडी घेतो. माया फक्त बहिणीकडे काही येण्याची वेळ आली की आठवते. स्टार्टअपचं जग नवं आहे, कोरं आहे, तिथे सातबारा नाही, असं आपण समजतो. त्यात ताईला हक्कसोड लिहून देण्याचीही गरज पडली नाही, कारण हक्क मुळात मांडलाच नव्हता.

वेगळं करता येतं, आणि आपल्याच मुंबईत ते झालंय. १९५९ साली गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत तीच. तिथे लाटणारी प्रत्येक बाई सभासद आहे, म्हणजे मालकीण आहे. नफा वाटून घ्यायचा, तोटाही वाटून घ्यायचा. ज्यांचे हात दुखतात त्यांच्याच हातात हिस्सा. सेन्सर बनवणारी कंपनी पापडासारखी चालवता येईल असं माझं म्हणणं नाही. एवढंच, की राबणारा आणि भागधारक ही दोन वेगळी माणसं असलीच पाहिजेत असा काही निसर्गनियम नाही.

तर मी त्या पोराला सुचवलं, तुझ्या स्वतःच्या शेअरमधले चार टक्के ताईच्या नावे कर. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर तिला कर लागत नाही, बाकी कागदपत्रं आमचा सीए बघेल. गटात यावर खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं, कॅप टेबलात नातेवाईक भरले की पुढचे मोठे गुंतवणूकदार नाक मुरडतात. दुसऱ्याचं म्हणणं, ताईने पैसे कंपनीत घातलेच नाहीत, घरात घातले. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. भावाने दोन वर्षं जेवला तो पिठाचा डबा कंपनीच्या ताळेबंदात नव्हता.

मग आम्ही ताईलाच विचारायचं ठरवलं. रात्रपाळी संपवून ती व्हिडिओ कॉलवर आली, गणवेशातच. मी तिला शेअर म्हणजे काय, चार टक्के म्हणजे काय, आज त्याची कागदावर किंमत किती आणि प्रत्यक्षात शून्यही होऊ शकते ते कसं, सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाली, "मॅडम, हिस्सा द्यायचा तर द्या, नको म्हणत नाही. पण मला तो नकोय खरं तर. मला तारीख सांगा. हे कुठवर चालायचं तेवढं सांगा. मला माझं काही ठरवता येत नाही."

भाऊ खाली मान घालून बसला होता. त्याने हा प्रश्न कधी ऐकला नव्हता असं नाही, पण परक्यांसमोर ऐकला नव्हता.

मी त्या वाक्याचा बराच विचार केलाय. माझ्या डोक्यात न्याय म्हणजे वाटा होता, जिंकल्यावर मिळायचा तो. तिने मागितला तो न्याय हरण्याबद्दलचा होता. हरलो तर कधी हरलो हे ठरलेलं असावं. आम्हाला १८५५चा कायदा जे फुकटात देतो, नेमकं तेच ती मागत होती. उद्योजकतेची सगळी भाषणं चिकाटीची असतात. सोडू नका, दहाव्या वेळी पडलात तर अकराव्यांदा उठा. थांबायचं कधी, हे कोणी शिकवत नाही. कारण शिकवणारे सगळे जिंकलेले असतात आणि त्यांना थांबावं लागलेलं नसतं. आर्थिक साक्षरतेच्या पुस्तकांत शेअरला स्टॉपलॉस लावायला सांगतात. माणसाच्या वर्षांना कोणी लावत नाही.

तारीख ठरली. आमच्या पैशातून त्याला पहिल्या महिन्यापासून पस्तीस हजार पगार, ताईचे अकरा हजार त्याच महिन्यापासून बंद. दोन हंगाम. दुसऱ्या हंगामाच्या ३० एप्रिलपर्यंत इतक्या शेडमध्ये विकत घेतलेले, फुकट बसवलेले नव्हेत, सेन्सर लागले नाहीत तर कंपनी व्यवस्थित बंद करायची आणि नोकरी बघायची. कोणी त्याला पळपुटा म्हणायचं नाही, हेही मी मुद्दाम बैठकीच्या टिपणात लिहायला लावलं. चार टक्केही ताईच्या नावे झाले. वडील सही करताना काही बोलले नाहीत. गटातले दोघे यातून बाहेर राहिले. पगार आणि तारीख दोन्ही असलेल्या माणसात त्यांना जिद्द दिसली नाही. तो त्यांचा अधिकार आहे, पैसे त्यांचे.

पहिला हंगाम ठीकठाक गेला. लक्ष्याच्या निम्म्याला पोहोचलेत. दुसरा यायचाय. ताईने गेल्या महिन्यात मिरजेला बदलून घेतलं, तिथे दिवसपाळी आहे.

आमच्या गटाच्या अर्जात तीसेक प्रश्न असतात. बाजारपेठ किती, स्पर्धक कोण, पेटंट आहे का. भांडून भांडून आता त्यात एक वाढलाय. 'सध्या तुमचं घर कोणाच्या पैशावर चालतं आणि ते कधीपर्यंत चालेल, याबद्दल त्यांच्याशी बोलणं झालंय का?' बहुतेक जण तो रिकामा सोडतात. काही जण लिहितात 'लागू नाही'. परवा आलेल्या एका अर्जात बीडच्या एका मुलीने लिहिलंय, 'आईच्या शिवणकामावर. बोलणं अजून झालं नाही. या रविवारी घरी जातेय तेव्हा विचारते, मग उत्तर भरते. तोवर अर्ज बाजूला ठेवाल का?'

ठेवलाय.